१०० दिवस सील आणि मासे : ह्यू सिंक्लेअर यांचे आयुष्य आणि सोरायसिसमधली मेदाम्ले

सोरायसिसचा रुग्ण तपासणीला आला की पथ्याचा प्रश्न हमखास निघतो. काय खाऊ, काय सोडू, वांगे चालेल का, दही बंद करू का. हल्ली त्यात एक भर पडली आहे. बोलणे संपत आले की पिशवीतून माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली बाहेर येते. ती बहुधा कुणा नातेवाइकाने परदेशाहून आणलेली असते आणि प्रश्नही ठरलेला असतो : ही सुरू केली तर तुमची आधीची गोळी बंद केली तर चालेल ना?

नाही, चालणार नाही. पण तुम्ही हा प्रश्न विचारता त्यात तुमची काही चूक नाही. या कल्पनेमागे खरे विज्ञान आहे, आणि त्याच्या मुळाशी एका हट्टी माणसाचे आयुष्य आहे. त्यांचे नाव ह्यू मॅकडोनल्ड सिंक्लेअर. ते त्वचारोगतज्ज्ञ नव्हते. सोरायसिसचे औषध त्यांनी शोधले नाही. तरीही तुमच्या हातातल्या त्या बाटलीचा माग काढत मागे गेलात तर वाटेत ते भेटतातच.

सिंक्लेअर यांचा जन्म १९१० साली एडिंबरामधल्या एका सुखवस्तू घरात झाला. शाळा विंचेस्टर, पुढचे शिक्षण ऑक्सफर्ड, आणि वैद्यकीय प्रशिक्षण लंडनमध्ये. १९३७ मध्ये ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन कॉलेजात (स्पेलिंग काहीही असले तरी तिथले लोक त्याचा उच्चार ‘मॉडलिन’ असा करतात) त्यांना फेलो म्हणून घेतले गेले. तो काळ जीवनसत्त्वांचा होता. बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस अशा आजारांमागे आहारातल्या एखाद्या सूक्ष्म घटकाची कमतरता असते, हे एकामागून एक सिद्ध होत होते. सिंक्लेअर यांनीही सुरुवातीला बी१ जीवनसत्त्वावर काम केले. आहारातले काहीतरी बारीकसे कमी पडते आणि त्यातून मोठा आजार होतो, ही विचाराची पद्धत त्यांच्या डोक्यात तेव्हा पक्की बसली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. त्यांचे यश आणि त्यांची चूक या दोन्हींचे मूळ तिथेच आहे, असे मला वाटते.

आता थोडे मेदाम्लांबद्दल. तेल, तूप, चरबी हे सगळे मेदाम्लांपासून बनलेले असते. फार काळ डॉक्टरांची समजूत अशी होती की स्निग्ध पदार्थ म्हणजे शरीराचे नुसते इंधन, आणि ते आहारात नसले तरी शरीर साखरेपासून स्वतःची चरबी तयार करून घेईल. १९२९ आणि १९३० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या पतीपत्नींनी उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात नसलेला आहार दिला. बाकी सगळे पोषण नीट होते. तरी उंदरांची वाढ खुंटली, मूत्रपिंडे बिघडली आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या शेपटीवर आणि अंगावर कोंड्यासारखे खवले धरले. विशिष्ट मेदाम्ल दिल्यावर ते बरे झाले. म्हणजे काही मेदाम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात. त्यांना अत्यावश्यक मेदाम्ले म्हणतात.

सिंक्लेअर यांना हे काम फार महत्त्वाचे वाटले. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेतही अशा उंदरांच्या त्वचेचा अभ्यास झाला. त्या त्वचेतून पाणी झिरपून उडून जाते, म्हणजे कातडीचा बांध फुटलेला असतो. इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. उंदराचे ते खवले म्हणजे सोरायसिस नव्हे. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेत दाह पेटवते आणि त्वचेच्या पेशी इतक्या घाईने तयार होतात की एरवी महिनाभर लागणारा त्यांचा वर येण्याचा प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो. कच्च्याच पेशी थरावर थर साचतात आणि पांढरे पापुद्रे सुटतात. दिसायला दोन्ही खवलेच, पण कारणे वेगळी. खोबरेल तेल लावून त्वचा मऊ होते, पापुद्रे सैल होतात, बरे वाटते. ते जरूर लावा. मात्र आतला दाह त्याने विझत नाही.

दुसऱ्या महायुद्धात सिंक्लेअर यांच्याकडे ऑक्सफर्ड पोषण सर्वेक्षणाचे काम आले. रेशनवर जगणाऱ्या ब्रिटिश लोकांना पुरेसे पोषण मिळते की नाही, हे रक्त तपासून आणि आहार मोजून पाहायचे होते. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, पश्चिम हॉलंडमध्ये लोक उपासमारीने मरत होते. तिथे आणि नंतर जर्मनीत त्यांची पथके गेली. या कामासाठी अमेरिका आणि नेदरलँड्स या दोन्ही देशांनी त्यांचा सन्मान केला.

मधल्या काळातला, १९४४ मधला, एक प्रवास आपल्या गोष्टीसाठी याहून महत्त्वाचा आहे. कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या भागात जाऊन त्यांनी इन्युइट लोक पाहिले. हे लोक सील, व्हेल, मासे खात. भाजीपाला जवळजवळ नाही, धान्य नाही, आणि चरबी मात्र भरपूर. तेव्हाच्या हिशोबाने अशा माणसांच्या रक्तवाहिन्या चाळिशीतच तुंबायला हव्या होत्या. पण तसे दिसत नव्हते. सिंक्लेअर यांच्या मनात आले की प्रश्न चरबी किती याचा नसून चरबी कोणती याचा असावा. आज हे वाक्य प्रत्येक तेलाच्या जाहिरातीत भेटते. त्या काळी ते म्हणणे धाडसाचे होते.

१९५१ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना मानवी पोषणाचे रीडर हे पद दिले. पाच वर्षांनी, एप्रिल १९५६ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचे एक पत्र छापून आले आणि त्या पत्राने त्यांच्या आयुष्याचे वळण बदलले. पत्र कसले, चांगला लांबलचक लेखच होता तो. अत्यावश्यक मेदाम्लांची कमतरता हेच रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मोठे कारण आहे, असा त्यांचा दावा होता. पांढरे शुभ्र करण्यासाठी रसायने घातलेला मैदा आणि तेलात हायड्रोजन सोडून घट्ट केलेली चरबी (आपल्याकडचे वनस्पती तूप त्याच जातीचे) यांच्यामुळे आपण ही मेदाम्ले गमावत आहोत, असे त्यांनी मांडले. इथवर थांबले असते तर बरे झाले असते. पण त्याच दमात त्यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगासह आणखी कितीतरी आजार त्याच एका कारणाच्या माथी मारले. पुरावा थोडा होता आणि यादी मोठी.

सहकाऱ्यांना ते पटले नाही. चरबी कमी खा एवढेच सांगण्याच्या त्या दिवसांत हा माणूस चरबी कमी पडते म्हणत होता, आणि तेही अर्ध्या पुराव्यावर. सिंक्लेअर यांचा स्वभावही जुळवून घेण्याचा नव्हता. एखादे काम पूर्ण करून रीतसर छापण्यापेक्षा नवी कल्पना धरून पुढे धावण्याकडे त्यांचा ओढा असे. १९५८ मध्ये त्यांचे रीडरपद संपले आणि विद्यापीठाने ते पुढे वाढवले नाही. त्यांच्या पत्रातली मध्यवर्ती कल्पना पुष्कळशी बरोबर होती, हे नंतर उघड झाले. पण एकाच कमतरतेने सगळे आजार होतात, हा भाग चुकीचाच होता, आणि तो तितकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या निम्म्या आरोग्य संदेशांची रचना नेमकी अशीच असते.

पुढची वर्षे सिंक्लेअर यांनी ऑक्सफर्डजवळच्या सटन कोर्टने या गावातल्या आपल्या घरी काढली. याच गावच्या चर्चच्या आवारात लेखक जॉर्ज ऑरवेल यांची कबर आहे. त्या घरातच त्यांनी मानवी पोषणाची आंतरराष्ट्रीय संस्था काढली. नाव मोठे होते आणि पैसा कायम कमी. लग्न केले नाही. उंची वाइनचा शौक मात्र पक्का, इतका की त्यांच्या चरित्राच्या नावात वाइन आणि माशाचे तेल शेजारी शेजारी आले आहेत.

दरम्यान डेन्मार्कमधल्या दोन डॉक्टरांनी, हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग यांनी, १९७० पासून ग्रीनलंडमध्ये जाऊन तिथल्या इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. त्या रक्तात एक मेदाम्ल फार मोठ्या प्रमाणात आढळले : आयकोसापेंटाएनोइक आम्ल, ज्याला आपण ईपीए म्हणतो. समुद्रातल्या माशांमधून आणि सीलमधून येणारे हे ओमेगा-३ गटातले मेदाम्ल. सिंक्लेअर यांना जणू बारा वाटांनी शोधलेले घर सापडले. १९७६ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, तेही या डॅनिश डॉक्टरांबरोबर ग्रीनलंडला गेले.

सोरायसिसचा धागा इथे हाती लागतो. ग्रीनलंडच्या उपर्नाविक जिल्ह्यातल्या आजारांची १९५० ते १९७४ अशी २५ वर्षांची नोंद तिथे काम केलेल्या डॉक्टरांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. डेन्मार्कमधले प्रमाण धरले तर त्या वस्तीत हृदयविकाराच्या झटक्याचे ४० रुग्ण अपेक्षित होते, सापडले ३. दम्याचे २५ अपेक्षित, सापडला १. आणि सोरायसिसचे ४० अपेक्षित असताना सापडले फक्त २. उलट मेंदूतल्या रक्तस्रावासह पक्षाघाताचे आणि अपस्माराचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त होते. आकड्यांचा हा दुसरा भाग बाटलीवर कधीच छापला जात नाही.

तुम्हाला वाटेल, झाले की सिद्ध! नाही. त्या लोकांची आनुवंशिकता वेगळी आहे. सोरायसिसमध्ये जनुकांचा वाटा मोठा असतो. शिवाय ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांमध्ये मेदाम्ले हाताळणारी जनुकेच पिढ्यानपिढ्यांच्या या आहाराला अनुरूप बदललेली आहेत, हे २०१५ मध्ये दिसून आले. त्यांचा आहार उचलून आपल्या ताटात ठेवला तर तोच परिणाम होईल, असे मुळीच नाही.

सिंक्लेअर यांनी मात्र तोच आहार उचलून आपल्या ताटात ठेवला. मार्च १९७९ मध्ये, ६९ वर्षांचे असताना, त्यांनी ठरवले की पुढचे १०० दिवस सील, मासे, शिंपल्या-कोळंबीसारखे समुद्री जीव आणि पाणी यांखेरीज काहीही तोंडात घालायचे नाही. भाकरतुकडा नाही, भाजी नाही, फळ नाही. वाइनच्या शौकिनाने हे करावे यातच त्यांच्या हट्टाची कल्पना येते. वजन उतरले. रक्त थांबायला लागणारा वेळ ते मोजवून घेत होते. ही तपासणी साधी असते : त्वचेला बारीकशी चीर द्यायची आणि रक्त किती मिनिटांत थांबते ते घड्याळ लावून पाहायचे. सुरुवातीला तीन-चार मिनिटे लागत होती. प्रयोगाच्या ओघात तो वेळ ५० मिनिटांच्या घरात गेला. प्लेटलेटची संख्या घटली, अंगावर आपोआप काळेनिळे डाग उठू लागले, नाकातून रक्त आले. एका माणसावरचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, आणि कुठल्याही नीतिसमितीने आज याला परवानगी दिली नसती. पण एक गोष्ट त्यातून लख्ख दिसली. हे मेदाम्ल म्हणजे नुसते अन्न नाही, पुरेशा मात्रेत ते औषधासारखे वागते. आणि जे औषधासारखे वागते त्याला औषधासारखे दुष्परिणामही असतात.

ते असे का वागते? आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात मेदाम्ले बसवलेली असतात. त्यातले एक ओमेगा-६ गटातले, अ‍ॅराकिडोनिक आम्ल. पेशीला इजा झाली किंवा प्रतिकारयंत्रणेने हाक दिली की हे आम्ल सुटे होते आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्राइन असे संदेशवाहक रेणू बनतात. ते लाली, सूज, खाज आणतात, पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावून घेतात. या रेणूंवरच्या कामासाठी १९८२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रोम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना मिळाले. सोरायसिसच्या चट्ट्यात सुटे अ‍ॅराकिडोनिक आम्ल आणि त्यापासून बनणारे दाहक रेणू निरोगी त्वचेपेक्षा कितीतरी जास्त असतात, हे १९७५ मध्येच दाखवले गेले होते. आता पेशीच्या आवरणात ईपीए भरपूर असेल तर ते त्याच यंत्रात अ‍ॅराकिडोनिकची जागा घेते. रेणू बनतात, पण मिळमिळीत. हाक जाते, पण आवाज बारीक.

कागदावर हे इतके सुबक आहे की १९८० च्या दशकात प्रयोग होणारच होते. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये २८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काहींना रोज माशाच्या तेलाच्या १० कॅप्सूल आणि काहींना तशाच दिसणाऱ्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल दिल्या. माशाच्या तेलाच्या गटात खाज, लाली आणि पापुद्रे कमी झाले. आशा वाढली. मग १९९३ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी १४५ रुग्णांवर चार महिने मोठा अभ्यास केला. इथे तुलना मक्याच्या तेलाशी होती, आणि माशाचे तेल त्याहून सरस ठरले नाही. १९९८ मध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या ८३ रुग्णांना ओमेगा-३ थेट शिरेतून दिले तेव्हा फायदा स्पष्ट दिसला. पण रोजच्या जगण्यात कुणी सलाइन लावून बसू शकत नाही. त्यानंतरचे अभ्यासही असेच, कुठे थोडा फायदा, कुठे काही नाही. मी रुग्णांना सांगते ते एवढेच : चालू उपचारांना जोड म्हणून काहींना थोडा उपयोग होतो, एकट्याने हे तेल सोरायसिस आवरत नाही.

संशोधन तिथेच अडलेले नाही. या शतकाच्या सुरुवातीला एक वेगळी गोष्ट समजली. ईपीए आणि त्याचा भाऊ डीएचए यांच्यापासून शरीर रिझॉल्विन नावाचे रेणू बनवते, आणि ते दाह नुसता कमी करत नाहीत, तर काम झाल्यावर तो मिटवण्याची आज्ञा देतात. सोरायसिसमध्ये दाह पेटतो तसा विझतही नाही, म्हणून या रेणूंकडे त्वचारोगाच्या संशोधकांचे लक्ष आहे. अडचण अशी की हे रेणू शरीरात फार लवकर मोडतात. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्यासारखेच पण जास्त टिकणारे कृत्रिम रेणू घडवत आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यातल्या काहींनी सोरायसिससारखा दाह कमी केला आहे. तुमच्या गावातल्या औषधाच्या दुकानात मिळेल असे मात्र अजून काही नाही. रिझॉल्विनचे नाव लावून कुणी मलम विकत असेल तर पैसे जपून ठेवा.

सिंक्लेअर १९९० मध्ये, ८० वर्षांचे होऊन गेले. त्यांच्या मालमत्तेतून पुढे रीडिंग विद्यापीठात त्यांच्या नावाचा मानवी पोषणाचा विभाग उभा राहिला. ऑक्सफर्डने जे दिले नव्हते ते शेजारच्या गावाने दिले.

आता तुमच्या बाटलीकडे येऊ. तुम्ही अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेत असाल, शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर माशाचे तेल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. ५० मिनिटे तुमच्यावर येणार नाहीत, पण सांगणे गरजेचे आहे. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर जास्त मात्रा टाळा. मोठ्या मात्रेत ही तक्रार वाढू शकते. माशाचे तेल आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते. सोरायसिससाठी अ‍ॅसिट्रेटिन चालू असेल किंवा तुम्ही गरोदर असाल तर ते घेऊ नका.

मेथोट्रेक्सेट किंवा इंजेक्शने स्वतःहून थांबवू नका. कुठून तरी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असाल तर त्या एकदम तोडणे सगळ्यात धोक्याचे. चट्टे अंगभर पसरून पू भरलेल्या पुळ्या उठू शकतात आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागते. मी असे रुग्ण पाहिले आहेत. बहुतेकांनी ते एखाद्या नैसर्गिक गोष्टीवर भरवसा ठेवूनच केलेले असते, आणि घरच्यांनीही चांगल्याच हेतूने होकार दिलेला असतो.

मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा खा. महागड्या परदेशी माशाची काहीच गरज नाही. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी चांगली आहे, पण जवसातल्या ओमेगा-३ चा थोडाच भाग शरीर ईपीएमध्ये बदलू शकते, तेव्हा तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने सोरायसिसवर होणारा परिणाम कुठल्याही कॅप्सूलपेक्षा जास्त खात्रीचा आहे. वांग्याबद्दल विचारलेत म्हणून सांगते, खा.

आणि पुढच्या तपासणीला येताना बाटली घेऊन या. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलेले असेल. ते तेलाचे वजन. मागच्या बारीक अक्षरांत ईपीए किती ते शोधा. बऱ्याच साध्या कॅप्सूलमध्ये ते १८० मिलिग्रॅम असते. १९८८ च्या त्या अभ्यासातल्या रुग्णांना दिवसाला १० कॅप्सूल का गिळाव्या लागल्या, ते मग तुमच्या लक्षात येईल.